बाजरीच्या मागे गहू

आत्याबाई,

परवा तुमचा जलदान विधी झाला. भन्तेजी जेवून गेले, पाहुणे पांगले, शेजारणींची भांडी ज्याची त्याला परत गेली. आणि काल सकाळी चहाचा कप खाली ठेवायच्या आत तुमच्या लेकानं गिरणी विकायची गोष्ट काढली. बबनशेठचा निरोप आलाय म्हणे. इंजिन, चक्की, पट्टा, काटा, सगळं एकदम उचलतो म्हणतो. बबनशेठची गावात स्वतःची गिरणी आहे. त्याला आपली चालवायची नाही, बंद करायची आहे, हे शेंबड्या पोरालाही कळेल. तुमच्या लेकालाही कळतं. पण तो नाशिकला एसटीच्या डेपोत नोकरीला, आठवड्यानं घरी येणार, शहरातल्या वसाहतीत त्यानं खोली बघून ठेवलेली. मला आणि पोरांना तिकडे न्यावं हे त्याच्या मनात कधीपासून आहे. "तू एकटी बाई इंजिन कशी चालवशील?" असं त्यानं मला विचारलं. तेही तुमच्या फोटोसमोर बसून.

रडून रडून माझे डोळे सुजले होते, तरी मला हसू फुटलं, आणि ते काही केल्या थांबेना. तो घाबरला. त्याला वाटलं, हिच्या डोक्यावर परिणाम झाला.

त्याला मी काय उत्तर दिलं आणि आज सकाळी गिरणीवर काय झालं, ते सांगतेच. पण त्याआधी मला आपलं भांडण पुरं करायचंय. तुम्ही ते अर्धवट टाकून गेलात. हे तुमचं नेहमीचंच. वाद अंगाशी यायला लागला की तुम्ही इंजिनाकडे बोट दाखवायच्या, ऐकू येत नाही म्हणायच्या आणि पाठ फिरवायच्या. आता तर कायमचीच सोय करून घेतलीत.

मी लग्न होऊन आले ती दुष्काळाच्या साली. गोदावरीच्या काठचं गाव म्हणून माझ्या बापाला वाटलं होतं की पोरगी पाण्याच्या गावात पडली. इथं येऊन बघते तर नदीच्या पात्रात झरे खणून पाणी भरत होते, आणि चुलीवर रेशनच्या मिलोची, त्या परदेशी ज्वारीची, लाल भाकरी. सासूला आत्याबाई म्हणायची आपल्यात रीत, म्हणून तुम्ही आत्याबाई. पहिलं वर्षभर मी मनातल्या मनात तुम्हाला आणखी काय काय म्हणत होते ते आता सांगून काही उपयोग नाही. तुम्हीही मला कमी बोलला नाहीत. "नववी शिकलेली आणलीय, पर हिला चूल पेटवता येत नाय," हे तुम्ही अख्ख्या बौद्धवाड्यात सांगून आला होतात.

मामंजी रेल्वेत गँगमन होते. दुष्काळ सरता सरता ते गेले, आणि त्यांच्या फंडाचे पैसे आले. त्या पैशांचं काय करावं हे सांगायला किती माणसं आली होती! तुमच्या भावाचं म्हणणं, दोन म्हशी घे. दिरांचं म्हणणं, घर पक्कं बांध. तुम्ही सगळ्यांना चहा पाजलात, सगळ्यांचं ऐकून घेतलंत, आणि एक दिवस सायखेड्याकडून बैलगाडीत घालून जुनं डिझेलचं इंजिन आणि चक्की घेऊन आलात. गाडीच्या मागे तुम्ही चालत होतात, कासोटा घट्ट मारलेला, हातात तेलाचा डबा. पन्नाशी उलटून गेलेली बाई. तुमच्या भावानं कपाळावर हात मारून घेतला. "कोंडाबाई, तुला येड लागलं का? म्हातारपणी गिरणी? आपल्या वाड्यात येऊन गाव दळंल का?"

"दळंल," तुम्ही म्हणालात. "पीठ लागतंच ना गावाला."

त्या एका शब्दावर तुमचा केवढा भरवसा होता! मला तेव्हा तुमच्या भावाचंच म्हणणं पटलं होतं. गाव आपल्या हातचं पाणी पीत नव्हतं, पीठ कशाला घेईल? पण तुम्ही जागाच अशी धरली होतीत की वाड्याच्या टोकाला, रस्त्याला लागून, शेतातून घरी जाणाऱ्या बाईला वाकडी वाट करावी लागू नये. आधी मजूर बायका आल्या, आपल्या आणि दुसऱ्या वस्त्यांवरच्या. मग अब्दुलभाई पिंजाऱ्याच्या घरचे डबे यायला लागले. मग एक एक करून गाव यायला लागलं. आधी अंधार पडायच्या सुमाराला, नंतर दिवसाढवळ्या.

पण काम काय होतं ते त्या येणाऱ्यांना कुठं माहीत होतं? पाय रोवून दोन्ही हातांनी हँडल फिरवायचं, फिरवता फिरवता इंजिनानं उलटा झटका दिला तर मनगट गेलंच. तो झटका तुम्ही दोनदा खाल्लात. पट्टा फिरत असताना पदर, केस, बांगडी काही म्हणून जवळ जाऊ द्यायचं नाही. दगड गुळगुळीत झाला की तो उलटा करून छिन्नीनं टाकी लावायची, म्हणजे ठोकून पुन्हा खरबरीत करायचा. निफाडहून येणारा टाकी लावणारा माणूस दोनदा वेळेवर आला नाही तेव्हा तुम्हीच छिन्नी हातात घेतलीत. डिझेलसाठी पिंपळगावला जायचं, आणि कंडक्टर डबा गाडीत चढवू देत नाही म्हणून कांद्याच्या टेम्पोवाल्यांच्या विनवण्या करायच्या. दिवसभर उभं राहायचं. रात्री तुमचे पाय मी चेपायची तेव्हा पोटऱ्या लाकडासारख्या लागायच्या. चेपून घेताना तुम्ही कधी बरं वाटलं म्हणाला नाहीत. "जोर नाय तुझ्या हातात," एवढंच.

आणि हे सगळं परवडलं असतं हो. तुमचा तो नंबर नडला.

जो आधी येईल त्याचं आधी दळायचं, हा तुमचा कायदा. ऐकायला सोपा. पण गिरणीत बसलेल्या कुणालाही विचारा. बाजरीनंतर लगेच गहू टाकला तर गव्हाचं पीठ काळपट पडतं, पोळी कडवट लागते. म्हणून कुठलाही शहाणा गिरणीवाला सगळे गहू आधी दळून घेतो, मग ज्वारी, शेवटी बाजरी. तुम्ही मात्र डबे आले तसे घ्यायच्या. बाजरी, मग गहू, मग पुन्हा बाजरी, मग कुणाची तरी हरभऱ्याची डाळ. आणि मागच्याचं पीठ पुढच्यात जाऊ नये म्हणून दर वेळी मधे आपल्या घरची ओंजळभर ज्वारी दगडातून सोडायच्या. ते जे करडं, ना धड ज्वारीचं ना धड गव्हाचं पीठ पडायचं, ते आपल्या डब्यात. आपल्या घरात तुमच्या नातवंडांनी शुद्ध गव्हाची पोळी सणासुदीलाच पाहिली. धाकटी तर शाळेत जाईपर्यंत समजत होती की भाकरी करड्या रंगाचीच असते.

मी गिरणी सुरू झाल्या दिवसापासून तुमच्याशी यावर भांडले. ओंजळ ओंजळ करून दिवसाला किती ज्वारी जाते, दर वेळी थांबायचं, झाडायचं, तेवढं डिझेल फुकट जळतं, तेवढा वेळ तुम्ही पिठात उभ्या. "गहूवाल्या बायकांना सकाळी बोलवू, बाजरीवाल्यांना दुपारी," मी म्हणायची. तुम्ही ऐकून घ्यायच्या आणि पुढचा डबा उचलायच्या.

शेवटी एकदा इंजिन गरम होऊन बंद पडलं होतं, थंड होईपर्यंत आपण दोघी गोणपाटावर बसलो होतो, तेव्हा तुम्ही मला दामूशेठची गोष्ट सांगितलीत. दामूशेठ म्हणजे या बबनशेठचा बाप. गावात तेव्हा त्याचीच एक गिरणी. तुम्ही बाजरी घेऊन गेलात की तो म्हणायचा, "तुझी बाजरी हाय कोंडाबाई, दगड काळा होतो. गव्हाचं होऊ दे, मग बघू." तुमचा डबा पायानं मागे सरकवायचा. हात लावायचा नाही. तुम्ही दिवे लागेपर्यंत बाहेर उन्हात, मग थंडीत बसून राहायच्या. दामूशेठ शिवी देत नव्हता, जात काढत नव्हता. धान्याचं कारण सांगायचा, आणि कारण खरं होतं. तुम्हालाही वाटायचं, बरोबरच आहे त्याचं.

"मग येकदा दिवाळीला तुझ्या मामंजींनी गहू आणला," तुम्ही म्हणालात. "म्या मनात म्हणलं, आज बघू. गहू घेऊन गेले. सकाळीच गेले. तर तो काय म्हणला ठावं हाय? म्हणला, आता बाजरी चालू हाय, तुझा गहू काळा पडंल, बस बाहेर."

एवढं सांगून तुम्ही उठलात आणि इंजिनावर पाणी ओतायला लागलात. पण आत्याबाई, खरं सांगते, तेव्हाही मला तुमचं म्हणणं पूर्ण पटलं नव्हतं. मला वाटलं, दामूशेठचा राग तुम्ही दगडावर काढताय आणि ज्वारी मात्र आपली जातेय. दामूशेठनं खोटेपणा केला म्हणून बाजरीचा स्वभाव बदलत नाही. हे मी तुम्हाला दुसऱ्या दिवशी बोलून दाखवलं. तुम्ही म्हणालात, "शाळा शिकलेली हायेस ना, मग येवढं कळंना व्हय? आज धान्यावरनं मागं ठेवलं, उद्या आणखी कशावरनं ठेवशील. कारण सापडतंच." मी म्हटलं, मी तशी नाही. तुम्ही म्हणालात, "तू नसशील. तुझ्यामागून येणारी असंल."

मग यमुनाकाकूंचं लग्नाचं दळण आलं. म्हणजे त्यांच्या पोरीच्या लग्नाचं. पाटलांची थोरली सून, गावात त्यांच्या शब्दाबाहेर कोणी जायचं नाही. तोपर्यंत त्यांच्या घरचं दळण दामूशेठकडेच, पण लग्नाच्या घाईत त्याच्याकडे गर्दी होती, म्हणून गव्हाच्या गोण्यांची गाडी आपल्या दारात. गाव आपल्याकडे आलं यावर शिक्का बसायचा तो दिवस. मी तर घाईघाईनं ओटा झाडून घेतला होता. आणि त्या वेळी पुढे कोण होतं? आपली सखूबाई. कांदे निंदून आलेली, हातपाय मातीचे, पायलीभर बाजरी.

यमुनाकाकू म्हणाल्या, "कोंडाबाई, घरात मांडव पडलाय. आमचं आधी घ्या."

सखूबाई बिचारी लगेच डबा उचलून बाजूला व्हायला लागली. तुम्ही तो तिच्या हातातून घेतलात आणि चक्कीत ओतलात. "हिचं झालं की तुमचंच," तुम्ही म्हणालात. "बसा की सावलीला."

काकू बसल्या नाहीत. गाडी फिरली. त्यांच्यामागे त्यांची भावकी गेली, भावकीमागे निम्मी गल्ली गेली. त्या उन्हाळ्यात आपलं इंजिन दिवसाआड चालायचं. तुमचा लेक चिडला, मी चिडले, तुमच्या भावाला तर आनंदच झाला. तुम्ही रिकाम्या गिरणीत बसून छिन्नीला धार लावत होतात. घाबरल्या होतात का हो? मी कधी विचारलं नाही. चेहऱ्यावरून तरी वाटलं नाही.

दिवाळीला बबनशेठच्या विजेच्या मोटारीनं दगा दिला. तोपर्यंत बापाची गिरणी त्याच्याकडे आली होती आणि इंजिन काढून मोटार बसवली म्हणून तो मिरवत होता. मोटार जळाली ती ऐन फराळाच्या दिवसांत. भाजणी, बेसन, अनारशाचे तांदूळ, सगळं गाव डबे घेऊन आपल्या दारात. रांग पार रस्त्यापर्यंत. आणि त्या रांगेत यमुनाकाकू, हरभऱ्याची डाळ घेऊन. पुढे कोणाची तरी बाजरी. मी तुमच्या हातापाया पडले, की आजचा दिवस तरी डाळी आधी घ्या, लाडवाचं बेसन आहे. तुम्ही नाही म्हणजे नाही. ओंजळभर ज्वारीऐवजी त्या दिवशी दोन ओंजळी सोडल्यात, दगड झाडलात, आणि तरीही काकूंचं बेसन राखाडी पडलं. लाडू वळले ते जणू गोवऱ्याच. काकूंनी ते गावभर दाखवले. "बघा, कोंडाबाईच्या नंबराचे लाडू!"

तुम्हाला ते लागलं. मी पाहिलंय. दुसऱ्या दिवशी तुम्ही आपल्या घरची डाळ, धुतल्यासारख्या स्वच्छ दगडावर, सगळ्यात आधी दळलीत आणि ते बेसन माझ्या हाती काकूंकडे पाठवलंत. माझ्या मनात आलं, आता तरी ही बाई कबूल करील की सून बरोबर म्हणत होती. तुम्ही कबूल केलं नाहीत. पण दिवाळीनंतर यमुनाकाकू परत आल्या. बबनशेठची मोटार दुरुस्त झाली होती तरी आल्या. का आल्या, ते त्यांनी सांगितलं नाही आणि तुम्हीही विचारलं नाही. डबा मागे लावला आणि उन्हात उभ्या राहिल्या. तुमच्याशी पिठाच्या जाडीवरून भांडल्याही. त्यानंतर त्या दर आठवड्याला भांडायला येत, आणि जाताना दळण घेऊन जात.

भांडण म्हणजे तरी काय, निम्मं हातवारेच. इंजिनाच्या आवाजात कोणाचं काही ऐकू येत नव्हतं आणि तुमचे कान तर तिसऱ्या-चौथ्या वर्षीच गेले. अंगठा आणि बोट चोळलं की बारीक, मूठ उघडझाप केली की लाडवासाठी रवाळ. बाकीचं तुम्ही ओठांवरून ओळखायच्या आणि बायका तुमच्या ओठांवरून. घरी आलात की मात्र इंजिन चालू असल्यासारख्याच ओरडायच्या. मला थोरल्याच्या वेळी दिवस गेले तेव्हा मी लाजत लाजत तुमच्या कानात सांगितलं, आणि तुम्ही तिथल्या तिथं एवढ्या मोठ्यानं "व्हय?" म्हणालात की नदीवर धुणं धुणाऱ्या बायकांनीही ऐकलं. संध्याकाळपर्यंत वाड्यातल्या चार घरांतून माझ्यासाठी लोणचं आलं.

त्या ओठांवरूनच आपलं दुसरं भांडण. तुम्हाला खोकला लागला, मग दम लागायला लागला. पिंपळगावच्या डॉक्टरांनी सांगितलं, पीठ छातीत जातंय, तोंडाला फडकं बांधा. मी जुन्या लुगड्याचं मऊ फडकं शिवून दिलं. तुम्ही ते एक दिवस बांधलंत आणि काढून टाकलंत. मी किती बोलले तुम्हाला! हट्टी म्हटलं, अडाणी म्हटलं. मग एकदा तुम्ही शांतपणे म्हणालात, "तोंड झाकल्यावर बायांना माझं बोलणं कसं दिसंल?"

मी मागच्या भिंतीला खिडकी पाडून घेतली, तुम्ही मधल्या वेळी बाहेर बसावं म्हणून हँडल मारायला शिकले, पट्टा चढवायला शिकले, गेली दोन वर्षं तर दगडाला टाकीही मीच लावत होते आणि तुम्ही खाटेवर बसून आवाजावरून, म्हणजे हाताला लागणाऱ्या हादऱ्यावरून, चुका काढत होतात. पण फडकं काही तुमच्या तोंडाला टिकलं नाही. पिठानं तुमची छाती खाल्ली, आत्याबाई. पोटासाठी उभं राहणाऱ्या बाईला हे असं द्यावं लागतं याचा मला राग आहे. तुमच्यावर आहे, आणि ज्यांना चोवीस तास पीठ हवं असतं आणि दळणाऱ्या बाईचा खोकला ऐकू येत नाही त्या सगळ्यांवर आहे.

शेवटच्या आठवड्यात तुम्ही बोलू शकत नव्हतात. मी खाटेशी बसून होते. मला म्हणायचं होतं की मला तुम्ही आवडायच्या. एवढी वर्षं एका इंजिनाशी राबलो, तुम्ही मला नवऱ्याच्या पगाराकडे न बघता जगायला शिकवलंत, माझ्या मुलींना कोणापुढे डबा मागे घेऊ नका म्हणून सांगितलंत, यासाठी मला तुमचे पाय धरायचे होते. ते राहिलं. त्याऐवजी मी काय म्हणाले? "आता तरी कबूल करा, गहू आधी दळायला पाहिजे होता." तुम्ही माझ्या ओठांकडे बघितलंत, आणि मान हलवलीत. नाही. मी चिडले, आणि तुम्ही हसलात. हसताना दम लागला.

तर काल तुमच्या लेकाला मी म्हटलं, "एकटी बाई कशी चालवशील हे विचारायला तुला चौदा वर्षं उशीर झाला." तो म्हणाला, "अगं, आई गेली आता. तिच्या जोरावर चाललं होतं." मी म्हटलं, "तुझी आई दोन वर्षं खाटेवर होती. इंजिन काय भुतानं चालवलं?" पण बबनशेठला त्यानं सकाळी यंत्र बघायला बोलावलेलंच होतं.

आज सकाळी मी गिरणी उघडली. कोणी येईल असं मला वाटलं नव्हतं. माणसं आपल्याला अजून दुखवट्यात धरतील असं वाटलं. पण दार उघडेपर्यंत ओट्यावर डबे लागले होते. इतक्या दिवसांत घराघरातलं पीठ संपलं होतं. सगळ्यात पुढे सखूबाई, बाजरी घेऊन. तिच्यामागे यमुनाकाकू, गव्हाचा डबा. त्यामागे आणखी पाचसहा जणी.

बबनशेठ आला. पांढरे कपडे, पायात चपला तशाच, आत येऊन चक्कीवर हात फिरवायला लागला. तुमचा लेक दारात उभा, माझ्याकडे न बघता. मी विचारलं, "शेठ, दळण आणलंय का?"

तो हसला. "नाय बुवा. यंत्र बघायला आलोय."

"मग बाजूला व्हा. लोकांचा नंबर आहे."

बाहेर कोणीतरी फिस्सकन हसलं. बबनशेठनं तुमच्या लेकाकडे पाहिलं. तुमच्या लेकानं, भलं होवो त्याचं, हँडल उचललं आणि माझ्या हातात दिलं. बबनशेठ कपड्यावर बसलेलं पीठ झाडत निघून गेला. विकायची गोष्ट तुमच्या लेकानं पुन्हा काढली नाही. काढलीच तर मी आहे.

इंजिन लागलं. मी सखूबाईचा डबा उचलायला वाकले, तर तिनं माझा हात धरला. आवाज वाढला होता, म्हणून ती कानाशी येऊन ओरडली, "काकूंचा गहू आधी घे. माझी बाजरी मागून टाक. नायतर गहू काळा पडंल."

मी यमुनाकाकूंकडे बघितलं. त्यांनी तिच्या ओठांवरून ओळखलं होतं. त्या मान हलवून नको नको म्हणत होत्या. "नंबर हिचा हाय," त्या म्हणाल्या. "कोंडाबाई असती तर माझा गहू आधी घेतला नसता."

"आगं पर मीच देती ना," सखूबाई म्हणाली. "मला घाई नाय. तुमच्या घरी आज पाव्हणे हायेत, मला ठावं हाय."

आत्याबाई, त्या क्षणी मला आपल्या सगळ्या भांडणाचा उलगडा झाला. दामूशेठच्या दारात तुमच्याकडे नंबरच नव्हता, म्हणून तुम्हाला तो कोणाला देताही आला नाही. लग्नाच्या त्या दिवशी सखूबाई मागे सरकत होती ती भीतीनं. आज तिनं नंबर दिला तो स्वतःचा होता म्हणून दिला. हे तुम्ही तिला मिळवून दिलंत, ओंजळ ओंजळ ज्वारी घालून. म्हणजे तुमचं बरोबर होतं. आणि बाजरीच्या मागे गहू टाकू नये हे माझंही बरोबर होतं. आपण दोघी एकमेकींशी एवढी वर्षं उगाच भांडलो नाही.

काकू मला विचारत होत्या, काय करू. सखूबाई डबा बाजूला घेऊन बसलीसुद्धा. रांगेतल्या बाकीच्या बायका वाट बघत होत्या, पट्टा फिरत होता, डिझेल जळत होतं.

मी गहू आधी टाकला. आता रागवायचं तर रागवा.